जुन्या बाजारातली भांडी आणि त्यांत शिजणारे साधे जेवण

माजघर

या धाग्यात मला जुन्या बाजारांतून मिळणाऱ्या स्वयंपाकाच्या भांड्यांविषयी आणि ती घरी आणल्यावर त्यांत काय शिजवावे याविषयी लिहायचे आहे. नाणी, घड्याळे, कॅमेरे, ग्रामोफोनच्या तबकड्या शोधत फिरणारे बरेच असतात. भांड्यांकडे त्या मानाने कमी लोक वळतात, आणि जे वळतात तेही बहुधा दिवाणखान्यात ठेवण्यासाठी समई किंवा घंगाळ घेतात. माझे म्हणणे असे की जुन्या भांड्याची परीक्षा विस्तवावर होते आणि त्यासाठी पंचपक्वान्ने लागत नाहीत. घावन, पिठले, थालीपीठ, ताकातली उकड, मुगाची खिचडी असे पदार्थ केले की भांड्याचे गुणदोष लगेच कळतात, कारण या पदार्थांत मसाल्याचा आडोसा नसतो.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुणेकरांना ठाऊकच आहे. तिथे माल कसा येतो हे समजून घेतले की काय शोधावे हेही कळते. जुना वाडा पाडायला निघाला की माळा रिकामा होतो. तांब्या-पितळेला मोडीचा भाव चांगला येत असल्याने ती भांडी आधी वजनावर जातात आणि त्यांतली पुष्कळशी थेट भट्टीत वितळतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड, दगड आणि लाकूड यांना मोडीत फारशी किंमत नाही, म्हणून तवे, आप्पेपात्रे, खलबत्ते, काथवटी अशा वस्तू पथारीवर येऊन पडतात. ज्या वस्तूला बाजारात भाव नाही तीच स्वयंपाकघरात सर्वांत उपयोगी पडावी, हे मला या शोधातले मोठे सुख वाटते.

बीडाचा तवा निवडताना मी आधी तो बोटांच्या टोकावर अधांतरी धरून किल्लीने किंवा नाण्याने वाजवून पाहते. धड तवा खणखणीत वाजतो. ज्याला केसाएवढी जरी चीर गेली असेल तो बद्द आवाज देतो, मग वरून कितीही नीट दिसो. त्यानंतर तो सपाट फरशीवर ठेवून डगडगतो का ते पाहावे. गंज पाहून मात्र मागे फिरू नये. वरवरचा तांबूस गंज निघतो. खड्डे पाडून आत शिरलेला गंज निघत नाही. नखाने खरवडून पाहिले तरी हा फरक समजतो.

अलीकडे मिळालेला एक तवा इतका गंजलेला होता की विक्रेत्याने तो बाजूला टाकलेल्या लोखंडाच्या ढिगातून काढून दिला. घरी आणून तो विटेच्या भुकटीने आणि नारळाच्या शेंडीने घासला, चिंचेचे पाणी चोळले, धुऊन लगेच विस्तवावर कोरडा केला. ओला तवा तसाच ठेवला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. मग तेलाचे अगदी पातळ बोट फिरवून धूर येईपर्यंत तापवला, निववला, पुन्हा तेल, पुन्हा विस्तव. रंग आधी तपकिरी, मग काळपट आणि शेवटी काळाभोर होत गेला. त्यानंतर त्यावर चिरलेला कांदा बराच वेळ परतून टाकून दिला.

घावनासाठी तांदळाचे पीठ, मीठ आणि पाणी एवढेच घेतले. पीठ ताकासारखे पातळ असावे. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तापलेल्या तव्यावर फिरवायचा, मग पीठ कडेकडून आत असे ओतत यायचे. ओतताक्षणी चर्र आवाज होऊन जाळी पडली तर तवा हवा तसा तापला आहे असे समजावे. झाकण ठेवून कडा सुटेपर्यंत वाट पाहायची आणि मगच उलथणे लावायचे. पहिले घावन तव्याच्या नावाने सोडावे लागले. दुसरे कडेने आपोआप उचलले गेले, आणि त्याच्या खालच्या बाजूस जी तांबूस, कुरकुरीत नक्षी आली ती माझ्या नॉनस्टिक तव्यावर कधीही आलेली नाही. सोबत नारळाचे दूध आणि गूळ होता.

आपापल्या गावचे बाजार, तिथे मिळालेली भांडी आणि त्यांत केलेले पदार्थ इथे लिहावेत अशी सर्वांना विनंती.

धातुवेध

माजघर, धागा आवडला. माझा पेशा धातूंशी संबंधित असल्याने काही गोष्टी नोंदवतो.

बीडात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते आणि त्यामुळेच ते कठीण पण ठिसूळ होते. लोखंडी कढई पडली तर पोचते, बीडाचा तवा पडला तर फुटतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले तरी त्याला चीर जाऊ शकते. फुटलेले बीड जोडून विकायला ठेवलेले दिसते, ते घेऊ नये. साध्या वेल्डिंगने बीड नीट सांधले जात नाही आणि सांधा तापल्यावर पुन्हा उकलतो.

तव्यावर जो काळा थर बसतो त्यात तेल तेलाच्या रूपात राहिलेले नसते. पातळ तेल पुरेसे तापले की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि धातूला घट्ट चिकटलेला कठीण थर तयार होतो. म्हणून प्रत्येक वेळी तेल अगदी कमी लावणे महत्त्वाचे असते. जाड लावले तर चिकट, गोंदासारखा थर होतो आणि तो सगळा घासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

चिंचेबाबत एक सावधगिरी सुचवतो. आंबट पाणी गंज खाते, तसेच ते खालचे लोखंडही खाते. ते चोळून लगेच धुवावे, तवा त्यात रात्रभर बुडवून ठेवू नये. याच कारणाने लोखंडी कढईत टोमॅटोची किंवा चिंचेची भाजी फार वेळ ठेवू नये. अन्नात थोडे लोह उतरते ते शरीराला उपयोगीच आहे, पण चव कडवट-लोखंडी होते. वांगी काळी पडतात तीही त्यांतल्या तुरट द्रव्यांचा लोहाशी संयोग झाल्यामुळे. अशी भाजी खाण्यास अपायकारक नसते.

दादरकर

मुंबईत या शोधाची जागा म्हणजे भेंडी बाजाराजवळचा मटन स्ट्रीट, ज्याला सगळे चोर बाजार म्हणतात. आता तिथली बरीच दुकाने चित्रपटांची जुनी पोस्टरे, दिवे, सागवानी सामान यांची आहेत आणि ग्राहक सजावटीसाठी येतो हे ओळखून दुकानदार भाव सांगतात. पितळी किटली शंभर वर्षांपूर्वीची आहे असे सांगितले जाते तेव्हा तिच्या बुडाकडे पाहावे. रोज चुलीवर चढलेल्या भांड्याचे बूड झिजून किंचित फुगलेले आणि काठ गुळगुळीत झालेले असतात. मुद्दाम काळवंडवलेले नवे भांडे सगळीकडून सारखेच काळे असते, अगदी कानाखाली आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही.

मला सर्वांत जास्त लोभ आहे तो नाव घातलेल्या भांड्यांचा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी उठवलेली अक्षरे असतात: ‘चि. सौ. कां.’ म्हणून सुरुवात, मग नवरीचे नाव, देणाऱ्याचे नाव, ‘सप्रेम भेट’ आणि तारीख. माझ्याकडच्या एका तपेलीवर लग्नाचे साल १९५८ असे आहे आणि देणारे नवऱ्या मुलीच्या शेजारचे बिऱ्हाड आहे, कारण नावापुढे ‘व शेजारी मंडळी’ असे कोरलेले आहे. सगळ्या मजल्याने वर्गणी काढून दिलेली ती तपेली असावी. विक्रेते पुष्कळदा ही नावे घासून काढतात, कारण दुसऱ्याचे नाव असलेले भांडे गिऱ्हाईक घेत नाही असा त्यांचा अनुभव आहे. मी मात्र नाव शाबूत असलेलेच भांडे मागून घेतो.

आता थोडा मतभेद. भांडे वापरले तरच त्याचे सार्थक होते, हे माजघर यांचे म्हणणे मला पुरते पटत नाही. पुण्यातच दिनकर केळकरांनी जन्मभर वाडे, बाजार आणि खेडी धुंडाळून दिवे, अडकित्ते, विळ्या, स्वयंपाकाची भांडी जमवली आणि आपल्या दिवंगत मुलाच्या नावे उभारलेले ते संग्रहालय शेवटी राज्याच्या स्वाधीन केले. ती भांडी त्या वेळी कोणी स्वयंपाकाला काढली असती तर झिजून मोडीत गेली असती आणि आज आपल्याला त्यांचे घाट पाहायलाही मिळाले नसते. अहमदाबादला विशाला या उपाहारगृहाच्या आवारात भांड्यांचे स्वतंत्र संग्रहालयच आहे. काही वस्तू पाहण्यासाठी जपल्या पाहिजेत.

माजघर

दादरकर, केळकर संग्रहालयाचा दाखला योग्यच आहे. मोराच्या किंवा माशाच्या आकाराची विळी, नक्षीचा अडकित्ता अशा एकेका कारागिराने जीव ओतून घडवलेल्या वस्तू कपाटात सुरक्षित राहाव्यात, यात मला काही वाद नाही. पण ज्या साच्यातून हजारो तवे निघाले, त्यांतला एक भिंतीवर टांगून ठेवण्यात काय साधते? असा तवा शंभर वर्षे वापरला तरी संपत नाही आणि न वापरता ठेवला तर गंजतो. तुमच्या त्या तपेलीचेच पाहा. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून ती दिली तेव्हा तीत वरण शिजावे हीच त्यांची इच्छा असणार. कल्हई लावून तीत एकदा साधे तुरीचे वरण करून पाहा: हळद, हिंग, थोडा गूळ, वरून तूप. जाड पितळेत ते सगळीकडून सारखे कढते, तळाला लागत नाही.

तळकोकण

आमच्याकडे सिंधुदुर्गात जुन्या घरांतून मिळणारे खरे धन म्हणजे दगडी, म्हणजे मऊ दगड कोरून केलेले भांडे. नव्या पिढीने घरे बांधताना ही भांडी परसात कुंड्या म्हणून ठेवली किंवा कोंबड्यांना पाणी ठेवायला काढली. मला मिळालेली दगडी अशीच एका परसात होती. मालकिणीने ती आनंदाने दिली आणि बदल्यात पैसे न घेता आमच्या बागेतल्या सुपाऱ्या मागितल्या.

दगडीवर आंबटाचा परिणाम होत नाही, हा तिचा धातूच्या भांड्यांपेक्षा मोठा गुण आहे. आमसुलाची किंवा कैरीची आमटी तीत तशीच ठेवता येते, कळकत नाही. दुसरा गुण असा की तापायला वेळ लागतो तसा निवायलाही लागतो. विस्तव बंद केल्यावरही आतली आमटी बराच वेळ रटरटत राहते, म्हणून पदार्थ पूर्ण शिजण्याआधीच आच बंद करण्याची सवय करावी लागते. परसातून आणलेली दगडी एकदम मोठ्या आचेवर ठेवू नये. मुरलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडताना दगड तडकतो. ती आधी उन्हात चांगली वाळवावी, आतून-बाहेरून खोबरेल तेल चोळून मुरू द्यावे, मग भाताची पेज भरून मंद आचेवर तापवावी, आणि हे काही दिवस करावे.

त्यानंतर आम्ही कुळथाची पिठी केली. लसूण ठेचून तेलात तांबूस करायचा, हिरवी मिरची आणि हिंग घालायचा, पाणी ओतून त्यात आमसूल टाकायचे. कुळथाचे पीठ थोड्या गार पाण्यात कालवून उकळीत सोडायचे आणि सतत ढवळत राहायचे. पाचेक मिनिटांत पिठी होते. गरम भात, पिठी, भाजलेला पोह्याचा पापड. पावसाळ्यात रात्रीच्या जेवणाला याहून अधिक काही हवे असे आमच्या घरात कोणाला वाटत नाही.

काथवट

मी साताऱ्याकडचा. माझ्या नावावरून ओळखले असेलच की मला लाकडी भांड्यांचे प्रेम आहे. भाकरीचे पीठ मळायला आमच्याकडे पूर्वी अखंड लाकडातून कोरलेली काथवट असे. स्टीलच्या पराती आल्या आणि काथवटी आठवडी बाजारातल्या जुन्या सामानात जाऊन पडल्या.

ती घेताना पाठीमागची बाजू नीट पाहावी. बारीक भोके असतील आणि टिचकी मारल्यावर त्यांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे असे समजावे आणि ती काथवट घेऊ नये. कडेला चीर असून लोखंडी पट्टी मारलेली असेल तर हरकत नाही. आधीच्या मालकाने ती टाकून न देता दुरुस्त करून वापरली, यावरून लाकूड चांगले असल्याचाच अंदाज येतो. घरी आणल्यावर गरम पाण्याने घासावी, सावलीत वाळवावी, कडक उन्हात ठेवू नये. शेंगदाण्याचे तेल कोमट करून दोन-तीन हात द्यावेत.

परातीपेक्षा काथवटीत भाकरीचे पीठ चांगले का मळले जाते, याचा मी विचार केला आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावे लागते. धातूची परात ती ऊब लगेच शोषून घेते, लाकूड घेत नाही. शिवाय तळहाताने पीठ रगडताना परात सरकते, काथवट जड असल्याने जागची हलत नाही. भाकरी फुगली, पापुद्रा सुटला, की तो उघडून आत शेंगदाण्याची चटणी आणि तेल घालून खावी.

टेम्सकाठ

मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहते. इथे रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात लोक आपल्या गाड्यांच्या डिक्क्या उघडून घरातले नको असलेले सामान विकतात, आणि प्रत्येक उपनगरात धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानेही असतात. अशाच एका मैदानात मला स्कॉटलंडकडचा बीडाचा सपाट तवा मिळाला. त्याला वरून कमानीसारखी कडी असते, कारण तो पूर्वी चुलीवर साखळीने टांगत असत आणि त्यावर ओटच्या पिठाच्या भाकऱ्या भाजत. विकणाऱ्या आजींनी तो त्यांच्या आईचा असल्याचे सांगितले आणि मी त्यावर काय करणार हे आवर्जून विचारले. त्यावर आता ज्वारीच्या भाकऱ्या होतात आणि थालीपीठही होते. थालीपिठाला मधोमध आणि कडेने भोके पाडून तेल सोडले की या जाड तव्यावर कांदा जळत नाही, पण भाजणीचा खमंग वास घरभर जातो. भाजणी भारतातून येते, तवा मात्र इथला आहे.

माझा एक प्रश्न आहे. आमच्या नाशिकच्या घरी पणजीचे तांब्याचे मोठे तपेले आहे. ते इकडे आणायला कायद्याची काही अडचण आहे का? आणि कल्हई उडालेली असताना त्यात काही शिजवता येईल का?

धातुवेध

टेम्सकाठ, आधी कायद्याचे सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी असलेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या पणजीचे साधे तपेले या व्याख्येत बसेल का, हे तुम्ही किंवा मी ठरवण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घेणे उत्तम. विमानतळावर वाद होण्यापेक्षा तो सोबत असलेला बरा.

कल्हईशिवाय तांब्याच्या भांड्यात अन्न शिजवू नये. पाणी तापवणे वेगळे. ताक, चिंच, टोमॅटो, आमसूल यांच्या संपर्कात तांबे विरघळते, पदार्थ कळकतो आणि मळमळ, उलट्या असा त्रास होतो. पितळेचेही तेच.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडे भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, त्याचा पांढरा धूर निघतो आणि त्या क्रियेत धातूवरचा काळा थर निघून जातो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवून ते कापसाने भराभर पसरतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये आणि त्यात तळण करू नये. वरण, भात, खीर, दूध यांसाठी ते उत्तम. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, पण शिसे विषारी आहे. त्यामुळे माहितीतल्या कल्हईवाल्याकडूनच काम करून घ्यावे आणि शुद्ध कथलाचा आग्रह धरावा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी केली तर असा माणूस मिळेल. पेशवाईपासून तिथे तांब्याला मठारकाम करणारी घराणी आहेत आणि त्यांच्या हातोडीचे ठसे असलेले जुने घंगाळ किंवा बंब बाजारात आजही ओळखता येतो.

रद्दीतली वही

भांडी नव्हेत, पण याच विषयाच्या जवळचे म्हणून लिहिते. रद्दीच्या दुकानात मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये कधीकधी पाककृतींच्या हस्तलिखित वह्या निघतात. माझ्याकडे अशी एक वही आहे. निळ्या शाईचे, उजवीकडे झुकलेले अक्षर, काही पानांवर तेलाचे डाग. डाग ज्या पानांवर जास्त ते पदार्थ त्या घरात वारंवार होत असणार, असा माझा अंदाज आहे, आणि त्या हिशेबाने साधे मेतकूट आणि कडबोळी पहिल्या क्रमांकावर येतात.

अशी वही वापरताना मापांकडे लक्ष द्यावे लागते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्यामुळे त्याआधीच्या वह्यांत शेर, पावशेर, छटाक, तोळे असतात. पावशेर म्हणजे पाव किलो असे आपण आज सहज बोलतो, पण ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराचा पावशेर म्हणजे वीस तोळे, आणि तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास येतो. पाच तोळ्यांचा छटाक साधारण ५८ ग्रॅम होतो. शिवाय शेर हे धान्याचे मापही होते, चार शेरांची पायली, आणि ते मापाने भरायचे असे, वजनाने नव्हे. वहीत ‘एक शेर’ लिहिलेले असेल तेव्हा ते वजन की माप, हे पुढच्या जिनसांच्या प्रमाणावरून ताडावे लागते. मेतकुटात हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडदाची डाळ आणि थोडे गहू भाजून घेतात, आणि त्यात सुंठ, हळद, मोहरी, मेथी, हिंग दळतात. हरभऱ्याच्या डाळीचे माप चुकीचे वाचले तर मेतकूट पिठूळ लागते. मी ते वजनाने धरले तेव्हा नेमके जमले. मऊभात, मेतकूट, तूप आणि लिंबाचे लोणचे हे जेवण आजारपणापुरते राखून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पाटावरवंटा

जुन्या पाट्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पाटा फुटका नसेल तर गुळगुळीत झालेला असला तरी घ्यावा. त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करून, घेता येते. पूर्वी छिन्नी-हातोडी घेऊन दारोदारी फिरणारे लोक येत, आता शोधावे लागतात. मूर्ती किंवा जाती घडवणाऱ्या पाथरवटाकडे विचारावे. टाकी लावल्यावर दगडाची कच निघते, म्हणून आधी भिजवलेले तांदूळ वाटून टाकून द्यावेत आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ते पुन्हा करावे.

पाट्यावरची चटणी आणि मिक्सरमधली चटणी यांत फरक पडतो, कारण मिक्सरचे पाते कापते आणि वरवंटा चिरडतो. चिरडल्याने खोबऱ्यातले आणि तिळातले तेल बाहेर येते व मिक्सरच्या उष्णतेने ते कढतही नाही. ओले खोबरे, कोथिंबीर, मिरची, मीठ, थोडी साखर, लिंबू: हेच जिन्नस दोन्हीकडे वाटून शेजारी ठेवावेत. घरातल्या लहान मुलांनाही फरक सांगता येतो.

नवीन सभासद

धाग्यातील माहितीबद्दल सर्वांचे आभार. मला जुन्या बाजारात एक पितळी सोऱ्या दिसला आहे. वजनदार आहे, पण सोबत दोनच चकत्या आहेत, एक शेवेची आणि एक चकलीची. फिरवायचा दांडा थोडा सैल वाटला. घ्यावा का?

दादरकर

दांडा सैल असण्याचे कारण पाहा. आटे झिजले असतील तर घेऊ नका. चकलीचे पीठ घट्ट असते, अर्ध्यावर दाब आला की दांडा आटे सोडून घसरतो आणि मग तो सोऱ्या कशाच्याच उपयोगाचा राहत नाही. आटे धड असून नुसती वरची मूठ हलत असेल तर ती कोणताही पितळेचे काम करणारा घट्ट करून देतो. दुकानात पीठ नसते, तेव्हा ओली माती किंवा भिजवलेला जाड कागद कोंबून दाब देऊन पाहता येते. विक्रेत्यांची याला सहसा हरकत नसते, मात्र भवानी झाली नसेल तर थोडे थांबून मग विचारावे.

माजघर

चकत्यांची काळजी करू नका. पुण्यात बोहरी आळीत सुट्या चकत्या मिळतात, फक्त सोऱ्याच्या खालच्या झाकणाचा आतला व्यास मोजून न्या, कारण जुन्या सोऱ्यांचे आकार एकसारखे नसतात. सोऱ्याला कल्हई असावी का असेही पुढे कोणी विचारील, म्हणून सांगते: पीठ त्यात काही मिनिटेच राहते, तेव्हा आतून चिंच-मिठाने लखलखीत घासून, धुऊन, कोरडा करून वापरला की पुरते. आंबट ताकात भिजवलेले पीठ मात्र त्यात भरून ठेवू नका. लागेल तेवढेच भरा.

चकलीच्या आधी साधी शेव करून पाहा. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ सैलसर भिजवा, म्हणजे दांड्यावर फार जोर येणार नाही आणि आटे कितपत धरतात ते कळेल. शेव नीट पडली तर पुढच्या रविवारी चकलीची भाजणी काढा, आणि कशी झाली ते इथे लिहा.